बरोबरीची घडी

कुणाचा म्हणून इस्वास बसला न्हाई बघा, सासूचा न्हाई, मालकाचा न्हाई, कांदा लावायला आलेल्या बायांचा तर न्हाईच न्हाई... आन् मी काय भूत बघितलं म्हणत व्हते का? एवढंच म्हणत व्हते, की मी आन् माझी समृद्धी एका घडीला बरोब्बर सारख्या उंचीच्या व्हतो, केसाचाबी फरक न्हाई.

तुम्हाला सांगते, पोरगी अकरावी सायन्सला, दौंडच्या होस्टेलवर. दिवाळीला आली ती तोंड पाडूनच. "आई, गणित सोडते. आर्ट्सला जाते." मालक लगेच, "सोड की, बाय माझी." म्हणलं, थांबा. मी चौथी शिकलेली. तू मला शिकव. मला कळलं तर तुला येतंय, न्हाई कळलं तर खुशाल सोड.

बसली बिचारी. एक पुढं सरकलं की दुसरं कसं बदलतंय, ते म्हणं फंक्शन. कागदावर रेघ ओढत गेली. "ही कंटिन्युअस. पेन उचलायचा न्हाई." मग पेन उचलला, वर दुसरीकडंच टेकवला. "ही डिसकंटिन्युअस. लाईटीसारखी. न्हाई म्हंजी न्हाई, आली म्हंजी आली." म्हणलं, तुझ्या बापाच्या रागासारखी म्हण की. गप जेवणारा माणूस एकदम ताटच सरकवतो, 'जरा चिडलोय' असं मधलं ठिकाणच न्हाई त्याला. पोरगी हसली, आल्यापास्नं पयल्यांदा.

"आन् आपली उंची, आई? जूनमधी तू बोटभर उंच व्हतीस, आता मी बोटभर उंच. उंची काय उडी मारत न्हाई. पेन उचलायचा न्हाई. मंग मधी कवातरी..."

माझा हात आपला कपाळाला. अहो, कवातरी सारख्या झालोच असणार की. ती दौंडला मेसची चपाती खात असंल, मी हितं वडगाव रासाईत बाजरी खुरपत असंल, आन् ती घडी आली, आन् गेली... कुणी बघितली न्हाई, तरी आलीच. एवढी खात्री तर देवाचीबी कुणी देत न्हाई.

दुसऱ्या दिवशी बायांना सांगितलं, तर म्हातारी बयाबाई वाफ्यातनं म्हणती कशी, "ताईबाई, ऊन लागलं व्हय गं तुला? मापलं कुणी?" म्हणलं, भीमेचं पाणी घोट्याला व्हतं, मंग कमरंला आलं, तर मधी गुडघ्याला लागलंच न्हाई व्हय? मापायला कशाला कोण पायजे? पेन उचलायचा न्हाई. "आता हितं पेन कुठनं आला गं?" बाया हसून हसून वाफ्यातच बसल्या.

हसूद्या. समृद्धी परवा गणिताची पुस्तकं पिशवीत भरून दौंडला गेली. "येतंय मला," म्हणली.

एस्टीला हात करून माघारी आले, तवापास्नं डोक्यात एकच. ती घडी कळली असती, तर खुरपं टाकून पोरीम्होरं जाऊन उभी राहिले असते, डोळ्याला डोळा भिडवून. एकदाच यायची व्हती, आता पोरगी माझ्यापरीस उंचच ऱ्हाणार. पर बोल लावायचा कुणाला? होस्टेलला मालक नको म्हणत व्हते, सासू नको म्हणत व्हती, भावकी नको म्हणत व्हती. सगळ्यांशी भांडून पोरीला दौंडला नेऊन घालणारी घरात एकच... हीच ताईबाई.