धुराड्याचं भोक

पाहणीवाली: जरा हलू नका काकू. हे बघा, माझ्या यंत्राच्या या पडद्यावर थंड ते निळं आणि ऊबदार ते केशरी दिसतं. तो केशरी गोळा म्हणजे तुमचं मांजर.

थोरली: आणि भिंतीवर तो पंजा कुणाचा गं?

पाहणीवाली: तुमचाच. मघाशी उठताना हात टेकलात, त्याची ऊब राहिलीय. विरेल आता.

थोरली: राहू दे की थोडा वेळ. आपण उठून गेलो तरी हात मागे थांबतो म्हणायचा.

पाहणीवाली: नगरपालिकेचं म्हणणं एवढंच, आधी घराच्या फटी बुजवा, मग छपरावर सौर पॅनेल फुकट. गळक्या घराला ऊन देऊन काय उपयोग, असं आमचे साहेब म्हणतात.

थोरली: खरंय त्यांचं. मागचा हिवाळा मी दोन खोल्या बंद ठेवून या एकीत काढला. मुलगा म्हणतो, यंदा पॅनेल नाही मिळालं तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं.

पाहणीवाली: मिळालंच समजा. दारं-खिडक्या घट्ट आहेत. फक्त खुंटीवरचा हा कोट जरा काढते.

थोरली: त्याला हात नको लावूस.

पाहणीवाली: त्याच्यामागे केशरी दिसतंय, काकू.

थोरली: यांचा कोट आहे तो. असेल ऊब.

पाहणीवाली: काका जाऊन...

थोरली: झाली बरीच वर्षं. काढ बाई. तुझ्या यंत्रापुढे काय लपणार.

(कोट खाली येतो. भिंतीपलीकडून कुणाचं तरी गुणगुणणं ऐकू येतं.)

पाहणीवाली: मूठ जाईल एवढं भोक आहे.

थोरली: जुन्या शेगडीचं धुराडं जायचं तिथून, घर एक होतं तेव्हा. पलीकडे माझी धाकटी जाऊ. वाटणीच्या वेळी म्हणाली, उन्हाची बाजू तुम्हीच घेतलीत. मी म्हटलं, पिशवीत भरून ने. तेव्हापासून बोलणं बंद. तिच्या मुलीच्या लग्नाला गेले, जेवले, आले. चकार शब्द नाही.

पाहणीवाली: आणि भोक तसंच?

थोरली: गवंडी बुजवायला आला की मी म्हणायची, उद्या ये. शेवटी कंटाळला बिचारा. दुपारची ही अशी गुणगुणते. अगदी बेसूर. पण त्याशिवाय माझा डोळा लागत नाही. तिला वाटतं, इकडून कधीच बुजलंय.

पाहणीवाली: मला लिहावं लागेल हो. इथून ऊब गळते म्हणून.

थोरली: म्हणजे भोक ठेवलं तर घर जाणार, आणि घर ठेवायचं तर हे बुजवायचं. तुझ्या साहेबांना विचार, बाईमाणसानं यातलं काय निवडायचं.

पाहणीवाली: थांबा. मी उलटंच बघत होते. गळती असती तर इथे निळं दिसलं असतं. ऊब इथून जात नाहीये, तिकडून येतेय.

थोरली: तिचा स्वयंपाक चालला असेल.

पाहणीवाली: एका घरातलं दुसऱ्या घरात सांगायचं नसतं आम्ही. पण सकाळी मी तिकडे होते. नेमकी याच जागी भिंतीवर चाळण टांगलीय. मी काढायला गेले, तर म्हणाल्या, राहू दे, तिथेच बरी आहे ती.

थोरली: चाळण?

पाहणीवाली: चाळण. काकू, दोन्ही घरं मिळून एकच घर लिहिलं, तर ही फट उरतच नाही. ऊब घरातल्या घरात फिरते. पॅनेल दोघींचं. पण त्यांनी हो म्हणायला हवं. विचारून येऊ?

थोरली: तू विचारलंस तर ती नगरपालिकेला उत्तर देईल. मला नाही.

पाहणीवाली: मग तुम्ही विचारा.

थोरली: काय तोंडानं विचारू? आणि आत्ता गाण्यात आहे ती.

पाहणीवाली: गाणं थांबलंय, काकू.

थोरली: कधी?

पाहणीवाली: तुम्ही बेसूर म्हणालात तेव्हाच.

थोरली: ...अगं, ऐकतेस का?

धाकटी: एकच लिही म्हणावं तिला.