अच्युतरावांची बसल्या बसल्या अकरा हजार पावलं

मंडळी, ऐका. पूर्वरंगात आपण असत्य या विषयावर पाऊण तास बोललो. म्हणजे मी बोललो, तुम्ही ऐकलंत, आणि मागच्या खांबाला टेकून दोघे जण झोपले. त्यांना उठवू नका! झोपलेला माणूस खोटं बोलत नाही. आजच्या विषयात त्यांची प्रगती तुमच्याआमच्यापेक्षा चांगली आहे.

आता आख्यान. पण आधी एक प्रश्न — एखाद्या घरात खोटं घडलं, आणि त्या घरात खोटं कुणी बोललंच नाही, तर ते खोटं कुणाचं? यंत्रानं जे मोजलं तेच सांगितलं. मुलीनं जे दिसलं तेच मानलं. बापानं तर तोंडच उघडलं नाही! आणि तरी मंडळी, त्या खोट्यापायी एक माणूस भर सभामंडपात आडवा झाला. मग दोष कुणाचा? काही जण म्हणतील, यंत्राचा. यंत्र उलट बोलत नाही, म्हणून आपल्याला ते सोयीचं पडतं. थोडा धीर धरा.

कृष्णाकाठी एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, तुमचे पाहुणे निघतील तिथे. त्या गावात अच्युतराव खटावकर नावाचे एक गृहस्थ. नोकरी कालव्यावर — पाण्याची पातळी मोजायची. कालव्याच्या कडेला ठिकठिकाणी खुणांची पट्टी रोवलेली असते, तिथपर्यंत जायचं, पाणी कुठवर आलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. साधं काम! टपरीवर बसून कालचाच आकडा आजही लिहिता येतो, इतकं साधं. पण अच्युतराव एकतीस वर्षं रोज चालत गेले. ऊन असो, चिखल असो, पट्टीसमोर उभं राहिल्याशिवाय आकडा लिहिला नाही. साहेब म्हणायचे, "खटावकर, सायकल तरी घ्या!" हे म्हणायचे, "सायकलवरून आकडा नीट दिसत नाही साहेब."

असा माणूस! हे लक्षात ठेवा. आकड्यासाठी चालणारा माणूस. पुढे काय झालं ते ऐकताना हे उपयोगी पडेल.

निवृत्त झाले आणि साखर निघाली. रक्तातली. मंडळी, आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की तीन गोष्टी येतात — शाल, नारळ आणि साखर. पहिल्या दोन समारंभात मिळतात.

डॉक्टर नूतन भोसले म्हणून बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी अच्युतरावांच्या तळपायाला एक बारीक काडी टेकवली. "कळतंय?"

"काय?"

"काडी टेकवलीय."

"टेकवलीत का? छान."

"छान नाही काका! पायाची जाणीव कमी झालीय. साखर अशीच राहिली तर एक दिवस जखम होईल, तीही कळणार नाही, आणि मग पायाचं बोट वाचवायचं की पाय, एवढाच विचार उरेल. गोळी मी देते. चालणं तुम्ही द्यायचं. रोज आठ हजार पावलं!"

अच्युतराव हो म्हणाले. एकतीस वर्षं चाललेला माणूस, त्याला आठ हजारांचं काय! पण मंडळी, ते चालले नाहीत. का नाहीत, ते मला ठाऊक आहे, पण आत्ता सांगत नाही. त्यांनी बायकोलासुद्धा वर्षभर सांगितलं नव्हतं, मी तुम्हाला दहा मिनिटांत कसं सांगू?

मुलगी हैदराबादला. वृंदा नाव. तिनं घड्याळ पाठवलं. काळं, चौकोनी, वेळ सोडून सगळं दाखवणारं! मनगटावर बांधायचं, चाललं की पावलं मोजतं, आणि ती पावलं इकडे बापाच्या फोनवर आणि तिकडे लेकीच्या फोनवर दिसतात. पूर्वी लेक सासरी गेली की बाप तिची खुशाली विचारायचा. आता लेक बापाची पावलं मोजते. काळ बदलला म्हणतात तो असा.

पहिल्या दिवशी पावलं किती? दोनशे चौदा. पलंग ते मोरी, मोरी ते पलंग.

रात्री फोन. "बाबा! दोनशे चौदा? अहो, माझा दीड वर्षांचा मुलगा यापेक्षा जास्त चालतो!"

"त्याला साखर नाही ना अजून," अच्युतराव म्हणाले.

मालतीबाई — अच्युतरावांच्या सौभाग्यवती — स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, सकाळी दाराशी जातात, चपला घालतात, पुन्हा काढून ठेवतात! विचारलं तर म्हणतात, ऊन आहे. सहा वाजता कसलं ऊन?"

आता गंमत ऐका. गुरुवारी देवळात भजन असतं. अच्युतराव टाळ वाजवायचे — तसे जुने टाळकरीच, पण महिन्यातून एखादे वेळी. त्या गुरुवारी गेले, घड्याळ हातातच राहिलं. मांडी घालून बसले, दोन तास टाळ वाजवला. घरी आले तर फोन किणकिणला. पाहतात तो काय — पाच हजार आठशे पावलं!

कसं झालं? अहो, घड्याळाला डोळे कुठे आहेत! त्याला एवढंच कळतं, की हात हलला. हात लयीत हलला की ते समजतं, स्वारी निघाली. इकडे भक्त मांडी घालून नामात दंग, तिकडे यंत्र म्हणतंय — वा! केवढा चालतोय!

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. पाच हजार आठशे. खरं म्हणजे तिथेच हसून सोडून द्यायचं. पण तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा! किती छान! मला रडूच आलं हो. चाललात ना शेवटी?"

आणि अच्युतराव... गप्प राहिले. बघा, 'हो' म्हणाले नाहीत! नुसते घसा खाकरले. मंडळी, खाकरण्याला खोटं म्हणता येत नाही. पण पलीकडच्या लेकीला ते 'हो' ऐकू आलं.

मग काय विचारता! गुरुवारचं मंडळ होतंच. सोमवारी महादेवाच्या देवळातलं धरलं. शनिवारी मारुतीचं. मधल्या वारी घरीच देवघरासमोर टाळ! मालतीबाईंना मालिका ऐकू येईना. रोज नऊ हजार, दहा हजार, एके दिवशी अकरा हजार! फोनवर फटाके उडायचे — चित्रातले. गावात काय झालं? गावानं म्हटलं, खटावकरांना उतारवयात ओढ लागली! लोक वाकून नमस्कार करायला लागले. भजनी मंडळाचे अध्यक्ष अण्णा देसाई — त्यांनी भर सभेत सांगितलं, "भक्ती असावी तर अशी! तीन-तीन मंडळांत बसणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता." नारळ दिला. शाल दिली. दुसरी शाल.

एका माणसानं मात्र काही म्हटलं नाही. पखवाज वाजवणारा महिपती कुंभार. हातानं मडकी घडवणारा, कानानं ऐकणारा. तो एकदा एवढंच बोलला, "काका, तुम्ही टाळ जरा जास्तच लांब नेता. आवाजाला एवढं लागत नाही."

"सवय आहे," अच्युतराव म्हणाले. आणि हात अजून चार बोटं लांब नेला.

तीन महिने झाले. पुन्हा तपासणी. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. साखर वाढलेली! "काका, चालता का?"

अच्युतरावांनी काय करावं? तोंड उघडलंच नाही. फोन पुढे केला.

बाई बघतात तो — नऊ हजार, दहा हजार, अकरा हजार! त्या बिचाऱ्या चक्रावल्या. "एवढं चालूनही साखर वाढतेय? मग गोळी कमी पडतेय." आणि गोळी वाढवली. सोबत बजावलं, "ही घेतल्यावर उपाशी राहायचं नाही हं!"

बघा मंडळी. मुलगी फसली, गाव फसलं, तिथवर हसण्यावारी नेता आलं. पण आता औषध देणारी फसली! एकतीस वर्षं ज्यानं आकडा न बघता लिहिला नाही, त्याच्या खोट्या आकड्यावर गोळी वाढली. पट्टी बुडाली आणि वहीत कालवा कोरडा! आता पाणी कुठून शिरणार?

एकादशीला शिरलं.

एरवी अच्युतराव एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या खायचे आणि त्याला उपास म्हणायचे. आपण सगळेच म्हणतो. पण आता ते थोर भक्त ना! अण्णा देसाई आदल्या दिवशीच सर्वांदेखत म्हणाले, "खटावकर काय, निर्जळीच करत असतील!" आणि अच्युतराव? खाकरले!

झालं. सकाळपासून पोटात काही नाही. गोळी मात्र घेतली. गोळी उपासाला चालते, आणि ती गिळण्यापुरतं पाणी निर्जळीतही चालतं, हा निर्णय त्यांचा त्यांनीच दिला. मालतीबाई हातात वाटी घेऊन मागे फिरत होत्या — "अहो, निदान एक केळं!" "लोक काय म्हणतील?" "लोक घरात आहेत का? घरात मी आहे!" पण नाही.

दुपारी चार वाजता भजन सुरू. मंडप भरलेला. पाच वाजता अच्युतरावांना घाम फुटला. हात थरथरायला लागले. आणि मंडळी, थरथरणाऱ्या हातातला टाळ जास्त वेगानं वाजतो! घड्याळ खूश! लोक खूश! अण्णा देसाई शेजारच्याला म्हणतात, "बघा, भाव दाटून आलाय!" अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे काजवे — आणि नेमकं त्याच क्षणी मनगटावर ते यंत्र थरथरलं. काचेवर अक्षरं आली: 'शाबास! आजचं उद्दिष्ट पूर्ण!'

पखवाज थांबला.

सगळं भजन चालू, आणि पखवाज थांबला! महिपतीनं वाद्य बाजूला सारलं आणि उडीच मारली. "काका! टाळ सुटलाय तुमचा! सम कुठे, तुम्ही कुठे!" अच्युतराव कलंडले ते त्याच्या हातावर. कुणी म्हणालं, समाधी लागली! महिपती ओरडला, "समाधी कसली! साखर उतरलीय! माझ्या आईचं असंच व्हायचं. शुद्ध आहे अजून — आणा ती खडीसाखर!" देवापुढची वाटी आली. पाण्यात विरघळवून घोट घोट पाजलं.

"एकादशी मोडेल हो!" अण्णा देसाई कळवळले.

"मोडू दे अण्णा. माणूस मोडण्यापेक्षा बरी."

पंधरा मिनिटांनी अच्युतरावांनी डोळे उघडले. समोर मालतीबाई. हातात तीच केळ्याची वाटी — घरून चालत आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातावरचं घड्याळ सोडवलं, आपल्या मनगटावर बांधलं, टाळ उचलला आणि खण्ण-खण्ण असा दहा वेळा वाजवला. पाहिलं. दहा पावलं वाढली.

"अस्सं," म्हणाल्या.

मंडळी, बायको ओरडली तर बरं असतं.

आणि मग अच्युतराव बोलले. तीन महिन्यांत पहिल्यांदा खरं सांगायला तोंड उघडलं. "मी गेल्या वर्षी बाजारात पडलो होतो. तुला सांगितलं नाही. पायातली चप्पल मागेच राहिली, मला कळलंच नाही. तसाच चालत होतो. एक भाजीवाली म्हणाली, आजोबा, एक पाय अनवाणी आहे! मी खाली बघायला गेलो आणि गेला तोल. भर चौकात. लोक हसले नाहीत गं — हसले असते तर चाललं असतं. सगळ्यांनी मिळून उचललं. एकतीस वर्षं मी एकटा कालव्यावर चाललो. तेव्हापासून दाराबाहेर पाय टाकला, की वाटतं, खाली जमीन आहे की नाही?"

पेटीवाल्यानं भात्यावरचा हात काढला.

महिपती म्हणाला, "काका, डोळे मिटून पखवाज वाजवतो मी. बोट कुठे पडतं ते मलाही दिसत नाही. ठेका धरायचा आणि टाकायचं. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवून या, परवा सकाळी मी येतो. आपण देवळापर्यंत जाऊ. मी तोंडानं ठेका धरीन, तुम्ही पाऊल टाका."

"पडलो तर?"

"तर मी ठेका थांबवीन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून झालं. त्यांनी गोळी पुन्हा कमी केली, मागून पट्टा असलेली पादत्राणं लिहून दिली — औषधासारखी, कागदावर! — आणि रोज तळपाय बघायचं काम मालतीबाईंकडे दिलं. रागावल्या का? रागावल्या. सविस्तर. ते आख्यानात घेत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता अच्युतराव दाराबाहेर पडले. घड्याळ? टेबलाच्या खणात. एका बाजूला भिंत, एका बाजूला महिपती, मागे मालतीबाई. 'धा' ला उजवा, 'धा' ला डावा. देवळाच्या पायरीपर्यंत तीनशे सहा. परत तीनशे सहा. स्वतः मोजली, मनात. आकडा बघायला पुन्हा पायी गेले!

रात्री वृंदाचा फोन. आवाज घाबरलेला. "बाबा, बरे आहात ना? कालपासून इथे शून्य दिसतंय!"

"आज सहाशे बारा."

"पण बाबा, इथे शून्य —"

"पोरी, तुझ्याकडचं शून्य बरोबर आहे, घड्याळ खणात आहे. आधीचे अकरा हजार चुकीचे होते. थांब, सगळं सांगतो." आणि या वेळी मंडळी, ते खाकरले नाहीत.

तर आता उत्तर द्या. खोटं कुणाचं? घड्याळाचं नाही, ते हात मोजत होतं. मुलीचं नाही, ती माया मोजत होती. ज्याला ठाऊक होतं आणि जो खाकरला, त्याचं! आणि आपण किती खाकरतो बघा. "औषध घेतलंस का?" — खाकरलो. "बरा आहेस ना?" — खाकरलो. "पोथी वाचलीस?" — मोठ्यानं खाकरलो! आपल्याला खोटं बोलायची लाज वाटते, हे चांगलं आहे. गप्प बसायची वाटत नाही, एवढंच राहिलं.

असो. आता नामघोष करायचा आणि आरतीला उठायचं. दोन्ही हातांनी टाळी वाजवायची, मनापासून, विठ्ठल विठ्ठल —

थांबा, थांबा! मला इथून दिसतंय. पहिल्या रांगेत चार, खांबाजवळ सहा, आणि झोपलेल्यांपैकी एकाच्या हातात एक.

काढा ती घड्याळं. खिशात ठेवा. देवळापासून घरापर्यंत चालत जाताना बांधा.

हां. आता टाळी!