डब्यातली बांगडी

जेबा : बसा ना अब्बा खोलीत घडीभर. सकाळपासून तळ्याला किती फेऱ्या मारल्या तुमी?

करीम : बसून काय करू? लाकडाची खोली ती, खुराड्यावानी. जीव घुसमटतो माझा.

जेबा : घरी घुसमटतो म्हणून तर कंधारहून इथं तळ्यावर, डबे हुडकायच्या खेळाला आणलं. अम्मी गेल्यापासून पायाला भिंगरीच लागली तुमच्या. सकाळी एसटीनं अहमदपूर, दुपारी परत. कायला गेलते विचारलं तर म्हणता, असंच.

करीम : असंच न्हाई आज. तुमच्या खेळातला लपवलेला डबा घावला मला.

जेबा : खरंच? अहो, पोरं मोबाइलवरचा नकाशा बघत बघत अख्खी बाग पालथी घालून राहिली! कुठं होता?

करीम : पंपघराच्या मागं, बोरीच्या बुडाला. हुडकाया नव्हतो गेलो. झाडामागं गेलतो जरा, तर पायाखाली डबा.

जेबा : कुणापुढं सांगू नका हे. उघडला?

करीम : हाव. आत एक शिट्टी होती नुसती. घेतली. बघ, वाजती पण.

जेबा : काही घेतलं तर आपलं काहीतरी ठेवायचं असतं, अब्बा. तसाच डाव हाय हा.

करीम : खेळ घेणाऱ्या त्या नांदेडच्या अमरनाथनं सांगितलं की सकाळी सगळ्यांला. ठेवलं मी.

जेबा : काय ठेवलं?

करीम : ठेवलं काहीतरी.

जेबा : अब्बा, खिसा का चाचपून राहिले तुमी?

करीम : डबा रिकामा पडला असता, बेटा. सारी जिंदगी बायांला बांगड्या भरल्या मी. मनियार कुणाचा हात रिकामा सोडत न्हाई. जुन्या उतरवताना पण एक ठेवतो, नव्या भरल्या की मग ती काढतो. तसाच सवयीनं खिशात हात गेला, अन्...

जेबा : अम्मीची बांगडी.

करीम : हाव.

जेबा : या अल्लाह! निकाहासाठी दुसरं काय मागितलं होतं मी तुमाला? अम्मीच्या हातातली एक बांगडी. तिची एवढीच उरली. तुमी म्हणले, बघू. मला न्हाई दिली, अन् डब्याला दिली!

करीम : वरडू नको. चल, काढून आणू.

जेबा : चला लवकर! कुणी उघडला असंल तर?

करीम : एवढ्यात कोण उघडतो? ही बोर. हा डबा. घे.

जेबा : यात कंगवा हाय, अब्बा. नुसता कंगवा.

(लातूरच्या टोळीतली पुनम हात उंच करून पळत येते.)

पुनम : ओ ताई, तो झाला आमचा! काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला बघा, समोरून तीनदा गेलो आमी. कंगवा माझाच हाय. अन् मला काय मिळालं बघा, हिरवीगार बांगडी!

जेबा : ताई, ती माझ्या अम्मीची हाय. ती न्हाई आता. अब्बांनी चुकून ठेवली.

पुनम : अगं बाई! मला काय ठाव? घ्या की मग, आत्ता देते. थांबा हं... निघंना की. चढताना तर लगेच चढली. जोर लावते.

जेबा : नको, नको! तडकंल!

पुनम : लाल झाला हात. काय करू आता? साबण आणू का खोलीतून?

करीम : ओढू नको. जेबा, तू पण हात काढ. बस बाई त्या दगडावर. आण इकडं.

पुनम : चाचा, दुखंल का?

करीम : ढिला सोड. अंगठा आत घे. कुठलं गाव तुझं?

पुनम : माहेर अहमदपूर. मोंढ्याच्या मागं घर हाय आमचं.

करीम : मग तुझी आई आली असंल माझ्याकडं. बाजाराच्या दिवशी तिथंच बसायचो मी, कापडवाल्याच्या शेजारी.

पुनम : आई तर लई घासाघीस करती. एकदा एका मनियाराला तिनं... अय्या! निघाली पण! कळलं सुद्धा न्हाई.

करीम : जा आता. टोळी वाट बघत असंल.

पुनम : जाते चाचा. ताई, सांभाळून ठेवा हं.

जेबा : अब्बा, माझ्याकडं बघा. सवयीनंच गेला का हात खिशात?

करीम : सवय हायच.

जेबा : अब्बा.

करीम : न्हाई. ठेवताना कळत होतं मला. ही भरली तुझ्या हातात की तू चालली हदगावला, सासरी. मग सकाळी उठून मी कुणाला चहा मागू? म्हटलं, हीच न्हाई घावली, तर पोरगी अडून बसंल. थोडे दिवस तरी. लई वंगाळ वागलो, बेटा.

जेबा : मग सांगू का जावेदच्या घरी, पुढं ढकला म्हणून?

करीम : खबरदार! चांगला पोरगा हाय तो.

जेबा : मला तरी झोप लागती का? तुमी काय खाल, कुठल्या एसटीत चढून बसाल, हेच येतं डोक्यात. मला पण भ्या वाटून राहिलं, अब्बा.

करीम : आण हात.

जेबा : आत्ता? निकाहाच्या दिवशी भरा की, सगळ्यांसमोर.

करीम : न्हाई. त्या दिवशी हात कापतील माझे. आत्ता धड हायत.