आळीचा रकाना

नको, ती पत्रिका तुझ्याकडेच ठेव, महेंद्र—तुझ्या ऑफिसच्या उद्घाटनाला मी येणार नाही. तब्येत? तब्येतीला काय झालंय? बस. पहिल्यांदाच खोली शोधणाऱ्या मुलांसाठी ॲप करायला घेतलंस, तेव्हा याच सतरंजीवर बसून आपण काय ठरवलं होतं? आडनाव विचारायचं नाही. का ठरवलं? कारण शहापुरात तू खोली मागत हिंडलास, आडनाव सांगितलंस आणि प्रत्येक दारातून परत आलास—म्हणून माझ्याकडे राहिलास. आता आडनाव विचारत नाहीस, शब्द पाळलास—आणि त्याच्या जागी रकाना कसला घातलास? गाव, आणि गावातली आळी! मुंबईच्या तुझ्या भागीदारांना तो नुसता पत्ता वाटला असेल. तुला नाही. आपल्या टोकावड्याकडे आळी सांगितली की जात सांगून होते—आपण एकाच आळीतले रे, तुला मी काय शिकवू? पत्ता लागतोच, म्हणतोस? लागतो. भाडेकरार करताना. खोली बघण्याआधी कशाला?

श्वेताला, माझ्या भाचीला, इथल्या दवाखान्यात नोकरी लागली. मोठ्या विश्वासाने तिने तुझं ॲप उघडलं, आळी खरी तीच भरली—खोटं न बोलण्याचं शील घेऊन वाढलेली पोर ती. मालकीण म्हणाली, "खोली गेली गो, कालच गेली." दवाखान्यातल्या मैत्रिणीने स्वतःची आळी भरून तीच खोली विचारली, तर "कधी येतेस बघायला? आजच ये की!"

मालकच मागतात? मागतील. त्यांना हवं तेच द्यायचं होतं तर ॲप कशाला—विचारायला त्यांची तोंडं होतीच की. आणि मी? विहारात वंदना झाली की आयाबायांना सांगत होते—पोरींना निर्धास्त पाठवा, माझ्या मुलाने—माझ्या विद्यार्थ्याने केलंय. विद्यार्थीच म्हणायचं होतं मला. खाली काय बघतोस? मान वर कर. राग आवरावा, ही आपली शिकवण, मी आवरलाय. म्हणून तर अजून तू इथे बसलेला आहेस.

फाटक वाजलं. श्वेताच असणार. हा रकाना कुणी घातला हे तिला ठाऊक नाही—यंत्राचीच काही चूक असेल, महेंद्रदादा सुधारेल, असं म्हणते ती. सांग तिला. मी नाही सांगणार, तूच सांग. मी घातला, समजून-उमजून घातला, उद्या काढतो—एवढंच. आत येऊ दे तिला. हं, बोल.

नाही?

मग चप्पल उचल, आणि मागच्या दाराने जा.