बारक्या टाकीतला ग्लास

उन्हाळ्यात द्राक्षाच्या वेलांची खरड छाटणी चालू असताना दुपारी आमचे हे बागेत कोसळले. शिरूर अनंतपाळला दवाखान्यात नेलं. तिथं ते गेले.

काय सांगू तुम्हाला, मी मूळची हदगावकडची, कापसाच्या घरातली, लग्न होऊन इकडं आले आणि इथंच शाळेत मराठी शिकवलं. भूकंपात सासरचं दगडमातीचं घर पडलं, सासू-सासरे त्यातच गेले, आम्ही किती तरी दिवस पत्र्याखाली राहिलो, आणि तेव्हापासून यांचा बांधलेल्या घरापेक्षा जमिनीवर भरवसा. पुढं बऱ्याच वर्षांनी यांनी शार्डोने लावली, पांढऱ्या वाइनची द्राक्षं ती, बारकी, खायला गेलं तर बियाच तोंडात येतात. गाव म्हणायचं, मास्तरीणबाईच्या नवऱ्यानं दारूची बाग लावली. परवाना काढून वाइनही आम्ही घरीच करायला लागलो. इंग्रजी पुस्तकं मी वाचून सांगायची, हे करायचे. पण चाखायचे ते एकटेच. घोट तोंडात फिरवायचे, थुंकायचे, चूळ भरून मगच स्वयंपाकघरात यायचे. मी वाइनबद्दल लई वाचलं, थेंब मात्र जिभेला लावला नव्हता.

हे गेले तेव्हा त्या सालची वाइन टाक्यांत होती. तेरावा झाला आणि माझे धाकटे दीर एक ग्लास घेऊन माझ्यासमोर आले. त्यांचं घर लातूरला, क्लासच्या पोरांना खोल्या दिलेल्या, पोरं दर साली वाढून राहिली म्हणून मजले चढवायचं त्यांच्या डोक्यात. म्हणाले, वैनी, वास घ्या, सगळी आंबली. घेतला तर खरंच सिरक्याचा वास. मग म्हणाले, ओतून देऊ, बाग विकू, गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, लातुरात मजला बांधू, तुम्ही वर निवांत पुस्तकं वाचीत बसा. मला त्या पुस्तकांचंच खटकलं. दुःखाच्या घरात आलेल्या माणसानं माझ्या बसण्याची जागासुद्धा ठरवून आणली होती.

मी विचारलं, भावजी, तुम्ही चाखली का. वैनी, गळ्यात माळ हाय माझ्या. मग सगळी आंबली हे कसं कळलं. म्हणाले, एक आंबली तर बाकीच्या काय गोड राहतेत का. कोणत्या टाकीतून काढली, एवढंच विचारलं, तर ते पाणी प्यायला उठले.

मी टाक्यांच्या खोलीत गेले. तिथलं पंप-पाइपाचं सगळं इस्माईलभाई बघतात, शिरूरचेच, यांच्याबरोबर पहिल्यापासून. ते म्हणाले, भाभी, छोटी टाकी में से लेके गये, बडी कू हात नै लगाया. आता बारकी टाकी ही मोठ्या दोन काठोकाठ भरत राहायला ठेवलेली, तीच अर्धी रिकामी झाली होती, आणि वाइनला वर हवा राहिली की ती आंबते, हे मीच यांना वाचून दाखवलेलं. म्हटलं, मोठीतली काढा. त्यांनी काढली आणि ग्लास हात लांब करून धरला, भाभी, मेरे कू चखने कू मत बोलो. नाही म्हणत हो, म्हटलं, पण गावात कुणाला सांगू नका. किस कू बोलूं, म्हणाले, लोगां बोलेंगे मैंच पिलाया.

यांनी पसंत केलेली मागच्या सालची बाटली मी शेजारी उघडली, कारण माझ्या जिभेवर तरी मी कसा विश्वास ठेवावा. आधी एक चाखली, मग दुसरी. जीभ आखडली, मग कैरीसारखं काही आलं, मग पेरूसारखं. चांगली की वाईट मला कळेना, पण दोन्ही एकाच घरच्या होत्या. थुंकायचं राहून गेलं. गिळला मी तो घोट.

दुसऱ्या मोठीतलीही तशीच निघाली. भावजींना सांगितलं, बारकीच तेवढी आंबली, तर म्हणाले, मला काय ठाव वैनी, टाकी ती टाकी. असेलही तसं. पण दर सुगीला ते लातुराहून यायचे, क्रेट उचलायचे, बारकीतून मोठी भरताना यांच्या शेजारी उभे असायचे. मी हे पुन्हा पुन्हा मनात फिरवते, विचारलं तर ते खरं सांगतील असंही वाटत नाही.

देव त्यांना उदंड आयुष्य देवो, त्यांच्या खोल्या पोरांनी भरलेल्या राहोत. अजून येतात, मी ताट वाढते, आणि ते जाईपर्यंत इस्माईलभाई टाक्यांपाशीच बसून राहतात. बारकीतली आम्ही ओतून दिली. बाग उभी आहे. मोठ्या दोन टाक्या भरलेल्या आहेत.