अर्ध्या तासाचं एक पान

तुम्हाला खोटं वाटेल, पण अकोल्यात आमच्या चर्चच्या अभ्यासवर्गात हे घडलं. तिथे धर्मज्ञानाच्या पुस्तकाचं एकेक पान प्रत्येकाने मोठ्याने वाचायचं असतं. मी सातवीत शाळा सोडलेला, त्यामुळे पाळी आली की पाणी प्यायला उठायचो. त्या रविवारी शेजारी जोसेफ गुरुजी बसले होते. ज्यांच्या छडीला भिऊन मी शाळा सोडली, तेच. मी उठताच त्यांनी हात धरला.

"कुठी चालला? वाच."

धडा होता 'देवाची कृपा'. तिसऱ्याच ओळीत मी अडकलो.

"हळू वाच, बाप्पा," गुरुजी म्हणाले. "शाळेत मले थांबनं जमलं नाई. आज थांबतो."

अर्धा तास त्यांचं बोट माझ्यासोबत ओळीखालून सरकत राहिलं. कोणी हललं नाही.

पान संपल्यावर वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "कृपा म्हणजे काय, हे आता मी कायले समजावू?"