गल्लीत एकच फोन

...नाही, पण मी म्हणतो, दोष माझा आहे का? लॉजिक चोख होतं हो! तुम्हाला सांगतो, इथं कानडी मुलखात आमच्या जयनगरच्या मराठी समाजमंडळानं ठरवलं, लग्नं आता वेबसाइटवर जमवायची, आणि गल्लीत कॉम्प्युटर शिकलेला मी एकटा, म्हणजे घोंगडं कोणाच्या गळ्यात? बरं, मीही काही संत नव्हे... रघुजी अण्णांची चंदना! तिच्या घरच्यांनी साइटवर मला बघावं, पसंत करावं, एवढ्यासाठी तर मी रविवार जाळत होतो.

आता गंमत बघा, साइटवर एकीकडे खाती, दुसरीकडे माणसांची माहिती, वय, शिक्षण, फोटो. कुठलं खातं कोणाच्या माहितीला जोडायचं, आणि कशावरून? नावावरून म्हणावं, तर आमच्यात आजोबांचंच नाव नातवाला, घरटी दोन-दोन फत्तेसिंग! मग म्हटलं, फोन नंबरवरून जोडू. एका नंबरचे दोन मालक असतात का कधी? लॉजिक चोख!

...आणि गल्लीत फोन एक, मोबाइल अजून कोणाकडेच नाही. पिराजी अण्णांकडे. सगळ्यांनी तोच नंबर दिला... सगळ्यांनी काय, मीसुद्धा तोच दिला! त्यात पिराजी अण्णांनी हौसेनं स्वतःचं नाव सर्वांत आधी घातलेलं. वय एकोणसाठ, विधुर. झालं, साइट त्या नंबरची पहिली माहिती उचलणार; कोणाच्याही नावावर टिचकी मारा, समोर मिशीला पीळ देत पिराजी अण्णा.

रघुजी अण्णांनी सायबर कॅफेत बसून माझं नाव उघडलं, आणि संध्याकाळी मलाच विचारतात, "अरे, एकोणसाठ म्हणजे स्वल्प जास्त नाही का?" मागून चंदना म्हणते, "आणि नातवंडं कशी आहेत तुमची?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

इकडे येलहंक्याच्या अनुसूयाबाई, त्याही एकट्या, म्हणाल्या, ज्याला उघडावं तो हाच निघतो, म्हणजे देवाच्याच मनात आहे. जमलं की हो! साइटवरचं पहिलं लग्न पिराजी अण्णांचं, आणि पंगतीत मठ्ठा वाढायला कोण? मी.

तिथं रघुजी अण्णांनी हात धरला. "सरी, ठीक आहे, झालं ते झालं. पोरगा बरा आहेस, चंदनालाही पसंत आहेस. शनिवारी गावाहून आमचे थोरले भाऊ येतायत, तेच फोनवर बोलतील तुझ्याशी. नंबर दे."

दिला. आनंदाच्या भरात एका दमात म्हणून दाखवला. पिराजी अण्णांचा!

आज शनिवार. नवरा-नवरी गेलीत उटीला, दाराला हे एवढं कुलूप, आणि मी बसलोय त्यांच्या पायरीवर... आत फोन वाजतोय हो. थांबतो, परत वाजतो. लॉजिक मात्र चोख होतं.